'स्थानांतर' ह्या शब्दाचा करविषयक अर्थ : अमेरिकेतील निवृत्तिसंचय आणि कॅनडाची योजना

परदेशात नोकरी करीत असताना साठविलेला निवृत्तिसंचय नव्या देशातील योजनेत नेणे, ह्या क्रियेला व्यवहारात 'स्थानांतर' असे म्हटले जाते. शब्द साधा आहे आणि त्याचा बोधही साधाच होतो. वस्तू एका जागेवरून उचलली आणि दुसऱ्या जागी ठेवली. वस्तू तीच, मालक तोच, बदलली ती केवळ जागा. जागा बदलल्याने कोणाच्या उत्पन्नात भर पडत नाही, आणि जेथे उत्पन्न नाही तेथे आयकराचा प्रश्न उद्भवू नये, असे ह्या बोधावरून सहज वाटते.

आयकराच्या कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. ज्याला आपण एक कृत्य समजतो ते त्याच्या लेखी बहुधा दोन कृत्ये असतात : पहिल्या देशातील योजनेतून रक्कम काढणे, आणि दुसऱ्या देशातील योजनेत रक्कम भरणे. पहिल्या कृत्याने कर लागू होतो. दुसऱ्या कृत्याने, काही अटी पुऱ्या झाल्यास, वजावट मिळते. ह्या दोन कृत्यांना जोडणारा दुवा व्यवहारात आपोआप अस्तित्वात येत नाही. तो विधिमंडळाने शब्दांनी घडवावा लागतो, आणि ते शब्द जेथवर पोचतात तेथवरच तो टिकतो. एखाद्या कुटुंबाची वीस वर्षांची शिल्लक ह्या दुव्यावर अवलंबून असू शकते. म्हणून त्याच्या शब्दांचे विवरण हा अर्थविचाराचा जसा विषय आहे, तसा तो ज्यांचे आयुष्य दोन देशांत विभागले गेले आहे अशांच्या प्रत्यक्ष हिताचाही आहे. अमेरिकेत काही वर्षे नोकरी करून पुढे कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न अपरिचित नाही. त्या दोन देशांमधील व्यवहार हेच उदाहरण येथे मुख्यत्वे घेतले आहे.

१. दोन देशांच्या योजना

अमेरिकेत निवृत्तिसंचयाची दोन रूपे विशेष प्रचलित आहेत. 'आय. आर. ए.' ह्या नावाने ओळखले जाणारे वैयक्तिक निवृत्तिखाते १९७४ च्या कायद्याने निर्माण झाले. मालकाच्या द्वारे चालणारी '४०१ (के)' ही योजना १९७८ च्या महसूल अधिनियमातील तरतुदीवरून त्या नावाने रूढ झाली. कॅनडात 'आर. आर. एस. पी.' म्हणजे नोंदणीकृत निवृत्ति-बचत योजना १९५७ पासून आहे. तपशील भिन्न असले तरी ह्या सर्वांचे मूलतत्त्व एकच आहे. रूढ स्वरूपात, भरलेल्या रकमेवर त्या वर्षी कर नाही. आत होणाऱ्या वाढीवर दरवर्षी कर नाही. रक्कम बाहेर काढली म्हणजे मात्र ती उत्पन्न ठरते. ही करमाफी नव्हे. ही कराला दिलेली मुदतवाढ होय.

ही मुदतवाढ प्रत्येक देशाने आपल्या योजनेपुरती दिलेली असते. अमेरिकेने आपला कर आज न घेता उद्या घेण्याचे मान्य केले ते त्या रकमेवरील आपला हक्क उद्याही शाबूत राहील ह्या भरवशावर. रक्कम कॅनडाच्या योजनेत गेली की तो भरवसा संपतो, म्हणून अमेरिका आपला कर सीमेवरच वसूल करते. कॅनडाच्या बाजूने पाहिले तर आपल्या रहिवाशाच्या हाती परदेशातून रक्कम आली, आणि निवासाच्या तत्त्वानुसार ती त्याचे उत्पन्न ठरली. तेव्हा काहीही तरतूद नसती तर 'स्थानांतर' करणाऱ्यास दोन्ही देशांच्या कराला तोंड द्यावे लागले असते.

२. दुवा घडविणारे कलम

कॅनडाच्या आयकर अधिनियमातील कलम ६० (जे) हा दुवा घडविते. त्यात 'एका योजनेतून दुसरीत गेलेली परदेशी रक्कम उत्पन्न समजू नये' असे म्हटलेले नाही. रक्कम प्रथम उत्पन्नात धरली जाते, आणि नंतर तेवढीच रक्कम आर. आर. एस. पी. मध्ये भरली असल्यास तिची वजावट मिळते. ह्या वजावटीस नेहमीची वार्षिक अंशदान-मर्यादा आड येत नाही, हा तिचा मोठा लाभ होय. मात्र तिच्या अटी काटेकोर आहेत.

रक्कम परदेशी निवृत्तिवेतन योजनेतून आलेली असेल, तर ती ज्या सेवेपोटी मिळाली त्या सेवेच्या काळात ती व्यक्ती कॅनडाची अनिवासी असली पाहिजे. रक्कम आय. आर. ए. मधून आलेली असेल, तर कसोटी बदलते : ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, अथवा तिच्या आजी-माजी जोडीदाराच्या, अंशदानातून निर्माण झालेली असली पाहिजे. पहिल्या प्रकारात कायदा 'तू तेव्हा कोठे होतास' असे विचारतो. दुसऱ्यात 'हे कोणी भरले' असे विचारतो. दोन्ही प्रकारांत रक्कम एकरकमी असावी लागते. भरणा स्वतःच्याच आर. आर. एस. पी. मध्ये झाला पाहिजे. जोडीदाराच्या योजनेत तो चालत नाही. तो त्याच वर्षात किंवा वर्ष संपल्यापासून साठ दिवसांच्या आत झाला पाहिजे, आणि विवरणपत्रासोबतच्या अनुसूची ७ मध्ये त्याचा निर्देश झाला पाहिजे. शिवाय वयाची ७१ वर्षे ज्या वर्षी पुरी होतात त्या वर्षाच्या अखेरीनंतर आर. आर. एस. पी. ठेवता येत नाही. त्यामुळे हा मार्ग त्यानंतर बंद होतो.

येथे मराठी व्याकरणातील एक साम्य उद्बोधक ठरेल. 'त्याने पैसे काढून भरले' ह्या वाक्यात 'काढून' हे पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय दोन क्रियांना असे बांधते की ऐकणाऱ्यास त्या एकाच व्यवहाराचे दोन टप्पे वाटतात. सामान्यतः दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असतो आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. कलम ६० (जे) हे करकायद्याचे '-ऊन' होय. ते आहे म्हणून 'काढले' आणि 'भरले' ही दोन वाक्ये एक होतात. त्याची एक अट चुकली, की वाक्य पुन्हा तुटते : काढलेली रक्कम करपात्र उत्पन्न म्हणून उभी राहते, आणि भरलेली रक्कम वार्षिक मर्यादेत बसली तर बसते, न बसल्यास जादा अंशदान ठरते.

३. 'नियतकालिक' : एक शब्द, दोन परिणाम

कॅनडा आणि अमेरिका ह्यांच्यातील करविषयक करार २६ सप्टेंबर १९८० रोजी झाला. त्याचा अठरावा अनुच्छेद निवृत्तिवेतनासंबंधी आहे. एका देशात उद्भवलेले नियतकालिक निवृत्तिवेतन दुसऱ्या देशाच्या रहिवाशास मिळत असेल, तर उगमाच्या देशाने त्यावर १५ टक्क्यांहून अधिक कर घेऊ नये, असे तो सांगतो. अमेरिकेच्या कायद्यात अनिवासी व्यक्तीस दिल्या जाणाऱ्या अशा रकमांवर उगमस्थानी कापावयाच्या कराचा मूळ दर ३० टक्के आहे. तेव्हा ही सवलत लहान नव्हे.

परंतु ती 'नियतकालिक' ह्या विशेषणाला चिकटलेली आहे. आणि कॅनडाच्या कलम ६० (जे) मध्ये नेमके तेच विशेषण अपात्रतेचे कारण आहे. नियतकालिक देयकांच्या मालिकेचा भाग असलेल्या रकमेस ती वजावट मिळत नाही. अर्थात करारात ज्या शब्दाने कर कमी होतो, त्याच शब्दाने अधिनियमात वजावट जाते. ह्याला विसंगती म्हणता येणार नाही, कारण दोन्ही लेखांचे हेतू वेगळे आहेत. करार वृद्धापकाळी महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या वेतनाचे रक्षण करू पाहतो. अधिनियमातील कलम अद्याप उपभोगात न आलेल्या संचयाला पुन्हा संचयात जाऊ देते. परंतु एका लेखातील शब्दार्थ दुसऱ्या लेखात गृहीत धरणाऱ्याची मात्र येथे फसगत होते. एकरकमी काढलेल्या रकमेवर अमेरिकेत प्रत्यक्ष किती कर कापला जाईल हे त्या देयकाच्या स्वरूपावरून ठरते, आणि कापलेली रक्कम हाच प्रत्येक वेळी अंतिम कर असतो असे नाही. तसे नसल्यास हिशेब पुढे विवरणपत्रातून होतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. 'निवृत्तिवेतन' ह्या मराठी शब्दात 'वेतन' असल्यामुळे दरमहाची कल्पना त्यात अंतर्भूतच आहे. कॅनडाच्या अधिनियमातील 'पेन्शन'विषयक व्याख्येत मात्र योजनेतून मिळालेली कोणतीही रक्कम येते, मग ती दरमहा असो वा एकरकमी. 'एकरकमी निवृत्तिवेतन' हा शब्दप्रयोग मराठी कानाला वदतोव्याघातासारखा वाटतो. त्या कायद्यात मात्र तो सरळ अर्थाचा आहे.

४. आकड्यांचे उदाहरण

वरील विवेचन एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. कॅनडात राहणाऱ्या, वेतन मिळविणाऱ्या, ६२ वर्षे वयाच्या एका व्यक्तीची अमेरिकेत १,००,००० डॉलरची आय. आर. ए. आहे असे समजू. ती सर्व रक्कम तिने एकरकमी काढली, आणि अमेरिकेचा कर १५,००० डॉलर झाला असे उदाहरणापुरते धरू. चलनविनिमयाचा भाग सोपेपणासाठी वगळला आहे.

तिच्या हाती ८५,००० डॉलर येतात. कॅनडात मात्र उत्पन्न १,००,००० धरले जाते, कारण कर कापला जाण्यापूर्वीची रक्कम हेच उत्पन्न होय. हाती आलेले ८५,००० तिने आर. आर. एस. पी. मध्ये भरले, तर वजावट ८५,००० चीच मिळेल आणि १५,००० डॉलर करपात्र राहतील. पूर्ण वजावट हवी असेल, तर उरलेले १५,००० तिने आपल्या अन्य बचतीतून घातले पाहिजेत. पैशाला ओळख नसते, हे कायद्याला मान्य आहे : तेच डॉलर भरले पाहिजेत असे नसून तेवढे डॉलर भरले पाहिजेत, असे आहे. 'स्थानांतर' ह्या शब्दातून होणारा 'तीच वस्तू' हा बोध येथे सर्वस्वी निरुपयोगी ठरतो.

मग अमेरिकेत गेलेल्या १५,००० चे काय? येथे 'वजावट' आणि 'जमा' ह्यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. वजावट उत्पन्नातून होते. परदेशी भरलेल्या कराची जमा प्रत्यक्ष करातून होते. कलम १२६ अन्वये परदेशी कराची जमा मिळते, परंतु तिला मर्यादा आहे : त्या परदेशी उत्पन्नाच्या प्रमाणात जो कॅनडाचा कर येतो त्याहून अधिक जमा मिळत नाही. ही मर्यादा काढताना कलम ६० (जे) ची वजावट परदेशी उत्पन्नातून वजा केली जात नाही. त्यामुळे वजावट घेऊनही जमेचा हक्क उरतो, आणि ह्या व्यक्तीच्या वेतनावरील कॅनडाचा कर पुरेसा असल्यास १५,००० डॉलर त्यातून वळते होतात. अशा रीतीने खिशातून घातलेले १५,००० कर कमी होऊन परत येतात, आणि एक लाखाचा संचय अबाधित राहतो.

ह्या सुखान्ताचा आधार 'पुरेसा असल्यास' ह्या दोन शब्दांत आहे. तीच व्यक्ती सेवानिवृत्त असेल आणि कॅनडात तिला फारसा कर पडत नसेल, तर जमा कशातून व्हावयाची? अशा उत्पन्नावरील परदेशी कराची न वापरलेली जमा पुढील वर्षांत ओढता येत नाही. ती वाया जाते, आणि स्थानांतराचा खर्च खरोखरच १५,००० डॉलर होतो. वय साडेएकोणसाठ वर्षांहून कमी असेल, तर सामान्यतः अमेरिकेचा १० टक्के अतिरिक्त करही त्यात मिळतो, आणि तितकीच अधिक रक्कम खिशातून घालावी लागते.

ह्यावरून असे दिसते की, एकच कलम, एकच रक्कम आणि एकच करार असूनही दोन व्यक्तींना निष्पत्ती भिन्न मिळते. आणि ज्याला हा व्यवहार महाग पडतो तो पुष्कळदा अल्प उत्पन्नाचा वृद्धच असतो. त्याने संचय मुळीच न हलविणे हाही पर्याय आहे. आय. आर. ए. अमेरिकेतच राहू दिली, तर तिच्यातील वाढीवर कॅनडा दरवर्षी कर आकारीत नाही. रक्कम काढली जाईल तेव्हाच ती उत्पन्न ठरते. मुदतवाढ टिकविण्यासाठी स्थानांतर अपरिहार्य आहे हा समज म्हणूनच बरोबर नाही.

५. 'साठ दिवस'

अमेरिकेच्या कायद्यातही संचय एका योजनेतून दुसरीत नेण्याची सोय आहे, आणि तेथे तिच्यासाठी दोन शब्द आहेत. एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे रक्कम परस्पर पाठविली तर ते 'ट्रान्सफर'. मालकाने रक्कम स्वतःच्या हाती घेऊन पुन्हा भरली तर तो 'रोलओव्हर', आणि त्यास साठ दिवसांची मुदत आहे. कॅनडाच्या कलमातही साठ दिवसच आहेत. आकडा एक असला तरी गणना एक नाही. अमेरिकेत साठ दिवस रक्कम हाती आल्यापासून मोजतात. कॅनडात ते वर्षअखेरीपासून मोजतात.

अमेरिकेच्या व्याख्येत पात्र योजना म्हणजे अमेरिकेच्या कायद्याने मान्य केलेली योजना. कॅनडाची आर. आर. एस. पी. तीत बसत नाही. म्हणून साठ दिवसांच्या आत आर. आर. एस. पी. मध्ये भरणा केला तरी अमेरिकेच्या दृष्टीने तो 'रोलओव्हर' होत नाही. ती केवळ काढलेली रक्कम राहते. त्याच कारणाने आर. आर. एस. पी. मधील रक्कम आय. आर. ए. मध्ये नेण्याचा उलट मार्ग अमेरिकेच्या कायद्यात नाही. पूल आहे, पण तो एकाच तीरावरून बांधलेला आहे.

६. अन्य देशांतील रचना

हाच व्यवहार इतर देशांनी निराळ्या शब्दांनी बांधला आहे. ब्रिटनच्या २००४ च्या वित्त अधिनियमात 'मान्यताप्राप्त स्थानांतर' अशी संज्ञा आहे. परदेशी योजना विहित अटी पुऱ्या करीत असेल तरच तिच्याकडे गेलेली रक्कम त्या संज्ञेत येते. न येणारी रक्कम 'अनधिकृत देयक' ठरून तीवर ४० टक्के, आणि काही प्रसंगी वर आणखी १५ टक्के आकार पडतो. ९ मार्च २०१७ पासून तर मान्यताप्राप्त स्थानांतरावरही, सूट देणाऱ्या अटी लागू नसल्यास, २५ टक्के आकार आहे. येथे 'स्थानांतर' हा शब्द कायद्याने स्वीकारला आहे खरा, परंतु 'मान्यताप्राप्त' ह्या विशेषणावाचून त्याला किंमत नाही.

ऑस्ट्रेलियाने काळाचे परिमाण स्वीकारले आहे. परदेशी निवृत्तिनिधीतील एकरकमी रक्कम तेथील रहिवासी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आणली, तर सामान्यतः तीवर कर नाही. त्यानंतर आणल्यास रहिवासी झाल्यानंतरच्या काळात झालेली वाढ करपात्र होते. कॅनडाने दुवा वजावटीने घडविला, ब्रिटनने विशेषणाने, तर ऑस्ट्रेलियाने कालमर्यादेने.

७. मराठी परिभाषा आणि भारतातील तरतूद

इंग्रजीतील 'ट्रान्सफर' ह्या एका शब्दाच्या जागी मराठीत अनेक शब्द रूढ आहेत. कर्मचाऱ्याची 'बदली' होते. मालमत्तेचे 'हस्तांतरण' होते. बँकेत रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात 'वर्ग' होते. आणि देणे असलेली रक्कम येणे असलेल्या रकमेतून 'वळती' केली जाते. हे पर्याय एकमेकांच्या जागी वापरण्याजोगे नाहीत. 'हस्तांतरण' म्हटले की हात, म्हणजे धनी, बदलतो. 'वर्ग' म्हटले की धनी तोच राहून लेखाशीर्ष बदलते. 'वळते' म्हटले की दोन हिशेबांची परस्पर फेड होते. विवेचिलेल्या व्यवहारात धनी बदलत नाही, तेव्हा ते हस्तांतरण नव्हे. रक्कम परस्पर वर्गही होत नाही. 'वळते होणे' त्यात आहे, पण ते केवळ परदेशी कराच्या जमेपुरते. संपूर्ण व्यवहाराला मराठीत एकच नाम देण्याचा आग्रह न धरता 'काढणे' आणि 'भरणे' ही दोन क्रियापदे उघडपणे वापरणे, हेच येथे अर्थाच्या दृष्टीने अधिक शुद्ध होय. त्यांनी वाचणारा आरंभीच सावध होतो.

भारतात परतणाऱ्यांच्या बाबतीत ही सावधता विशेष आवश्यक आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमात २०२१ च्या वित्त अधिनियमाने कलम ८९-अ घालण्यात आले, आणि २०२२ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा हे तीन देश त्यासाठी अधिसूचित झाले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कालासाठी केलेल्या २०२५ च्या आयकर अधिनियमातही ह्या सवलतीस स्थान आहे. परदेशातील निवृत्तिखात्यात दरवर्षी साचणाऱ्या उत्पन्नावर भारतात दरवर्षी कर, आणि परदेशात मात्र तो रक्कम काढतेवेळी, अशी विजोड स्थिती पूर्वी उद्भवत असे. परदेशात भरलेल्या कराची जमा भारतात मागावी तर दोहोंची वर्षेच जुळत नसत. ही अडचण त्या कलमाने दूर केली. परंतु त्याने केलेले काम एवढेच आहे : कराचा काळ जुळविणे. रक्कम काढून भारतातील योजनेत भरण्यासंबंधी ते काही बोलत नाही. ह्या तरतुदीचा उल्लेख 'स्थानांतराची सवलत' असा करणे म्हणजे जो दुवा कायद्याने घडविलेला नाही तो शब्दाने कल्पिणे होय.

करकायद्याचा अर्थ लावताना नामापेक्षा क्रियापदांकडे पाहावे, असा ह्या विवेचनाचा निष्कर्ष आहे. 'स्थानांतर' हे नाम कर्ता, काळ आणि क्रियांची संख्या झाकून टाकते. कराचे दायित्व नेमके त्या तिन्हींवर ठरते. कोणी काढले, केव्हा काढले, किती भरले, कोठे भरले, आणि त्या दोन क्रियांना जोडणारे कलम कोणत्या देशाच्या कायद्यात आहे, हे प्रश्न रक्कम काढण्यापूर्वी विचारले गेले तर त्यांची उत्तरे उपयोगी पडतात. कारण एकदा काढलेली रक्कम केवळ शब्द बदलल्याने पुन्हा संचयात जात नाही.